रात्री बाबा हिंदीतून ओरडतात

ताई, माझे वडील 78 वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. 1971 च्या बांगलादेश युद्धात ते जमालपूरला होते. आम्हा भावंडांना त्यांनी लढाईबद्दल कधी चकार शब्द सांगितला नाही, आता मात्र माझ्या मुलाला रंगवून गोष्टी सांगतात. गेले सहा महिने रात्री दोन-तीनला हातपाय झाडतात, हिंदीतून ओरडतात. परवा आईने खांदा धरून हलवलं, तर झोपेतच तिचा हात पिरगळला. जागे झाल्यावर तिच्यासमोर बसून रडले. भावाने 'आठवणीच नकोत' म्हणून त्यांची ट्रंक माळ्यावर टाकली. तो म्हणतो, 'हा माणूस आपल्या वाट्याला वर्षातून दोन महिने आला, आता त्याचं युद्धही आपणच निस्तरायचं का?' बाबा तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाहीत. मी कोणाची बाजू घेऊ? – एक मुलगी

ट्रंक आजच खाली काढा. बाकीचं नंतर बोलू.

त्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं असेल. बदली कुठेही होवो, बराकीत त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. ती माळ्यावर टाकून आठवणी जात नसतात. आपल्याच घरात आपल्याला अडगळीत टाकलं, एवढंच त्यातून त्यांना कळलं असणार.

आता रात्रीचं. त्यांना हात लावून उठवायचं नाही. पायथ्याशी, हात पोचणार नाही इतकं लांब उभं राहायचं, दिवा लावायचा आणि हाक मारायची. हाक नावाने मारा, नाहीतर 'हवालदारसाहेब' म्हणा. कोण उठवतंय आणि आपण कुठे आहोत हे कळायला मिनिटभर द्या. आईने काही दिवस वेगळ्या पलंगावर झोपावं. त्यात कसली आलीय लाज? उलट पुन्हा तिला लागलं, तर ते त्यांच्याच मनाला जास्त खाईल. आणि हो, तिचा हात कुणाला दाखवलात का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

सगळं खापर युद्धावर फोडायची घाई मात्र करू नका. पन्नास वर्षं गप्प असलेलं दुखणं म्हातारपणी वर येतं, हे खरं. काम सुटतं, सोबती एकेक करून जातात, दिवस मोकळा पडतो. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सहा महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या गोष्टीची तपासणी व्हायलाच हवी. लघवीचा जंतुसंसर्ग, एखादं नवं औषध, विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात, यांपैकी काहीही असू शकतं. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय चालवण्याचा एक स्वतंत्र आजार आहे आणि पुढे होणाऱ्या पार्किन्सनची ती आधीची खूण असू शकते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये न्या आणि हात पिरगळल्याचं लपवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. कानही तपासून घ्या. कँटीनची रम रोज किती होते, तेही सांगा, कारण दारूने झोप आणखी बिघडते.

नातवाला ते काय सांगत असतील, याचा अंदाज करता येतो. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीचं उत्तर पाकिस्तानी अधिकाऱ्याने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून दिलं, ही जमालपूरची गोष्ट कुठल्याही पोराला आवडेल अशीच आहे. पण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, तिथे रस्ता अडवून बसली होती. 10 डिसेंबरच्या रात्री आतली पाकिस्तानी तुकडी अंधारात निसटायला निघाली आणि थेट तिच्या मशीनगनसमोर आली. बाबा त्या पलटणीत असतील, तर गोळीची गोष्ट नातवाच्या वाट्याला येते आणि ती रात्र त्यांच्या एकट्याच्या. तेव्हा ते जेमतेम विशीतले असतील. नातवासमोर निदान काय सांगायचं ते त्यांना निवडता तरी येतं. मुलांसमोर ते सोपं नसतं. तुमच्या वाट्याला आपण आलो नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तुम्ही खोदून विचारू नका. पलटणीतला कुणी जुना सोबती असेल, तर त्याचा फोन लावून द्या आणि खोलीबाहेर जा.

भाऊ वाईट बोलला, खोटं बोलला नाही. ज्या मुलाने बापाला '56 एपीओ' असं, गावाचं नाव नसलेल्या पत्त्यावर पत्रं लिहिली, त्याला रागवायचा हक्क आहे. पण तो राग ट्रंकेवर का काढायचा? तो बाबांनाच सांगावा. दिवसा, चहाच्या वेळी, आवाज न चढवता: 'तुम्ही नव्हतात, तेव्हा मला राग यायचा.' सैनिकाला हे पेलत नाही असं समजू नका. तुम्हाला मात्र मध्ये पडून दोघांचं भाषांतर करत बसायची गरज नाही.

एक रुक्ष काम याच महिन्यात उरका. पीपीओ, म्हणजे बाबांच्या पेन्शनचा आदेश काढून आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. नसेल तर बाबा हयात आहेत तोवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्ती कशी करायची ते विचारा, नाहीतर फॅमिली पेन्शनसाठी तिला म्हातारपणी खेटे घालावे लागतील. त्यांची स्वतःची जन्मतारीखही नजरेखालून घाला. 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जास्त मिळतात, आणि ते कागदावरच्या तारखेनुसारच.

आणि ट्रंक भावालाच उतरवायला सांगा. वरचा रंग उडाला असेल, तर नातवाला ब्रश द्या. नंबर कागदात शोधू नका, बाबांना विचारा.