दोन सामने हरूनही ओहायो स्टेट 2024 च्या हंगामाचा विजेता कसा ठरला?

आपला प्रश्न असा आहे की, नियमित हंगामात दोनदा हरलेला, त्यातही घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरलेला ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरला, यात त्याचे कर्तृत्व किती आणि बदललेल्या स्पर्धापद्धतीची कृपा किती. मी मूळचा सोलापूरचा असून गेली अनेक वर्षे या विद्यापीठाच्या शहरात, कोलंबसमध्ये राहतो, आणि त्या हंगामातले दोन महत्त्वाचे सामने मी मैदानात बसून पाहिले आहेत, म्हणून उत्तर देत आहे.

पद्धतीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. 2023 पर्यंत अंतिम स्पर्धेत चारच संघांना प्रवेश असे, आणि मिशिगनकडून हरल्यावर क्रमवारीत सहाव्या स्थानावर घसरलेल्या ओहायो स्टेटचा हंगाम त्या नियमानुसार तिथेच संपला असता. 2024 पासून ही संख्या 12 झाली आणि आठवे मानांकन मिळून हा संघ आत आला. पैशाचाही वाटा होताच. खेळाडूंवर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च होत असल्याचे विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांनीच सांगितले होते. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून, धावपटू क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीतून आणि बचावपटू केलेब डाउन्स अलाबामातून आला होता. परंतु जॅक सॉयर, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, डोनोव्हन जॅक्सन असे अनेक जुने खेळाडू व्यावसायिक संघांकडे जाण्याची संधी बाजूला ठेवून आणखी एक वर्ष थांबले होते, आणि माझ्या मते या संघाचा कणा तेच होते.

यांपैकी डोनोव्हन जॅक्सनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे काम टीव्हीवर सहसा दिसत नाही. 12 ऑक्टोबरला ऑरेगनविरुद्ध 32-31 असा निसटता पराभव झाला. हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला आणि घसरून खाली बसला तेव्हा वेळ संपलेली होती. पण त्याहून मोठे नुकसान असे की, क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणारा जॉश सिमन्स त्या सामन्यात गुडघा दुखावून उर्वरित हंगामाला मुकला. जॅक्सन त्याच्या शेजारच्या, आतल्या जागेवर खेळत असे. आतल्या जागेवर समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असतो. बाहेरच्या जागेवर तोच माणूस मोकळ्या मैदानातून वेगाने येतो, त्यामुळे पायांची सगळी ठेवणच बदलावी लागते. सिमन्सच्या जागेवरचे हे काम जॅक्सनने हंगामाच्या मध्यावर, पेन स्टेटसारख्या संघाविरुद्ध सुरू केले, आणि सुरुवातीला त्याची दमछाक झाली तरी तो सामना संघाने 20-13 असा जिंकला. पुढे नोव्हेंबरमध्ये मधल्या जागेवरचा सेथ मॅक्लॉक्लिनही जखमी झाला.

या पार्श्वभूमीवर 30 नोव्हेंबरचा सामना पाहिला म्हणजे पराभवाचे कारण कळते. मिशिगनचा हंगाम सुमारच चालला होता, पण मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे त्यांच्या बचावफळीच्या मध्यभागी उभे राहणारे दोन धिप्पाड खेळाडू देशातल्या सर्वोत्तमांपैकी होते, आणि ओहायो स्टेटने दुबळी झालेली आपली मधली फळी घेऊन पुन्हा पुन्हा त्यांच्याच अंगावर धाव घेतली. त्या दिवशी धावून मिळालेले अंतर अवघे 77 यार्ड होते. मध्यंतरात 10-10 अशी बरोबरी होती. उत्तरार्धात आमच्या संघाला एकही गुण मिळाला नाही, आणि शेवटच्या मिनिटात फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारून मिशिगनने 13-10 असा सामना घेतला. एक लाखाहून अधिक माणसे बसलेल्या त्या मैदानातून बाहेर पडताना जिन्यावर फक्त बुटांचे आवाज ऐकू येत होते. मिशिगनकडून तो सलग चौथा पराभव होता, आणि प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका, अशी मागणी शहरात उघडपणे होऊ लागली.

बरोबर 21 दिवसांनी, 21 डिसेंबरला, त्याच मैदानावर हाडे गोठवणाऱ्या थंडीत टेनेसीविरुद्ध अंतिम स्पर्धेतला पहिला सामना झाला. नारिंगी कपड्यांतले त्यांचे समर्थक इतक्या मोठ्या संख्येने आले होते की, आमच्या लोकांनी आपली तिकिटे विकल्याचे पाहून मला वाईट वाटले. पण पहिल्या चतुर्थकातच 21-0 अशी आघाडी झाली आणि शेवट 42-17 असा झाला. खेळाडू तेच होते, डावपेच मात्र बदलले होते: मध्यभागी डोके आपटण्याऐवजी जेरेमाया स्मिथ आणि एग्बुका यांच्याकडे लांब फेकी होऊ लागल्या, त्यामुळे प्रतिस्पर्धी मागे सरकले आणि धावपटूंना वाट मिळाली. 1 जानेवारीला अपराजित ऑरेगनविरुद्ध एका टप्प्यावर 34-0 अशी स्थिती होती. पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी असलेल्या स्मिथने त्या दिवशी 187 यार्ड कमावले. टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना मात्र बचावफळीने जिंकून दिला. टेक्सास एका यार्डावर येऊन ठेपले असताना त्यांना मागे रेटले गेले, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवून स्वतःच 83 यार्ड पळत नेला.

म्हणून मी या विजेतेपदाला नशीब म्हणणार नाही. 20 जानेवारी 2025 रोजी अटलांटात अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्धची 31-7 ही आघाडी 31-23 वर आली होती, आणि चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचे अशा या खेळात तिसऱ्या प्रयत्नाला 11 यार्ड हवे होते. नोव्हेंबरमधल्या संघाने बहुधा मध्यातून धाव घेऊन वेळ काढला असता. इथे हॉवर्डने उजव्या कडेने पळणाऱ्या स्मिथकडे लांब चेंडू फेकला, आणि 56 यार्ड मिळाले. त्यानंतर 26 सेकंद उरले असताना 34-23 करणारा फील्ड गोल जेडन फील्डिंगने मारला. मिशिगनविरुद्ध दोन फील्ड गोल हुकवणारा खेळाडू तोच होता.