‘च’ काढून बघा

“मांजरासाठी इतकं रडणं बरं आहे का हो?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलाय की आता तो येण्याआधीच मी टिश्यूचा डबा पुढे सरकवते. उत्तर सोपं आहे: बरं आहे. खरी काळजी त्याच्या मागे लपलेली असते.

कोथरूडच्या एक बाई (ओळख पटेल ते सगळं बदललंय), नोकरी बँकेत, घरी बारा वर्षांचा बोका गुंड्या. सारख्या उलट्या, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड. डॉक्टर म्हणाले, जुनी सूज असेल किंवा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. नक्की कळायला बायोप्सी हवी. बाईंचा तीन आठवडे निर्णय होईना.

“माझंच दुर्लक्ष झालं, मॅडम.”

“कशावरून?”

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. कालनिर्णयच्या मागच्या पानावर दर रविवारची वजनं: ४.८, ४.५, ४.१.

“दुर्लक्ष करणारं माणूस दर रविवारी बोका तोलतं?”

हसल्या, पण तेवढ्यापुरत्या. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, “बायोप्सी नको. चाकू लागला की पसरतो.” हा गैरसमज डॉक्टरांनी दहादा खोडला होता, मी अकराव्यांदा कशाला खोडू? मी विचारलं, “कुणाचा पसरला होता?”

वडिलांचा. “रिपोर्ट आला, आणि मग बाबांना कुणी काही विचारलंच नाही. ऑपरेशन, केमो, नाकात नळी. ते घरी न्या म्हणत होते. एकदा तपासलं की सगळं करावंच लागतं.”

“असं कुणी सांगितलं?”

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग हळूच, “कुणी नाही.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस माणसाच्या मनातल्या ‘मस्ट’मागे लागले, मराठीत तो एका अक्षरात मावतो. वीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांतला ‘च’ पकडतेय, आणि थोडा अभिमानही आहे त्याचा. माझंच. करावंच. ‘च’ काढला की तपासणी ही नुसती माहिती उरते. उपचार घ्यायचे की फक्त आराम द्यायचा, हे नंतर ठरवता येतं.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: रिपोर्टमुळे नेमकं काय बदलेल? खर्चाची मर्यादा घरात आधी ठरवा. त्यात लाज नाही. नमुना घेण्याआधी कुणाच्या सल्ल्याने स्टेरॉइड सुरू करू नका, निदान झाकलं जातं. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर थांबू नका, यकृतावर येतं. आणि माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही नको, मांजराला ती विष आहे.

गुंड्याचा निघाला लहान पेशींचा लिम्फोमा, सावकाश वाढणारा. घरीच गोळ्या चालू आहेत. अशी बरीच मांजरं दोनेक वर्षं बऱ्यापैकी काढतात. केमोच्या गोळ्यांनी मांजराचे केस सहसा जात नाहीत, मिशा मात्र जातात.

परवा बाईंनी नवा फोटो पाठवला. तेच पान, ४.३. शेजारी बारीक अक्षरात: एक मिशी गळली. मासे खाल्ले.