पाळीव सरपटणारे प्राणी आणि घरातले कीटक

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा हिरवा इग्वाना (मोठ्या सरड्याची एक जात) आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या पेटीत लाल मुंग्यांची रांग लागते आणि स्वयंपाकघरात झुरळेही वाढली आहेत. दिवाळीपूर्वी सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार आहे. तोवर पेटीभोवती मुंग्यांचा खडू ओढला तर चालेल का? फवारणीच्या दिवशी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खडू कृपया मुळीच ओढू नका. या खडूंमध्ये बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. ही कीटकनाशके कीटकांच्या मज्जातंतूंवर जसा घाला घालतात, तसाच सरड्याच्या मज्जातंतूंवरही घालतात. माणसाचे शरीर उबदार असते आणि आपले यकृत हे विष बऱ्यापैकी लवकर मोडून टाकते; सरपटणाऱ्या प्राण्यांत ही क्रिया संथ असते, शिवाय शरीर थंड असताना या गटातल्या विषांचा परिणाम अधिक तीव्र होतो. त्यातच इग्वाना वारंवार जीभ लावून आसपासच्या वस्तूंचा अंदाज घेतो, त्यामुळे खडूची भुकटी थेट त्याच्या तोंडात जाते.

मुंग्याही दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. कात टाकणाऱ्या किंवा आजारी प्राण्याच्या पापण्यांना आणि मऊ त्वचेला त्या कडकडून चावतात. मात्र त्यांना अडवायला विष लागत नाही. पपईचा उरलेला तुकडा किंवा जास्वंदीची कोमेजलेली फुले दोन-तीन तासांत पेटीतून काढून टाका. पेटी भिंतीपासून चार बोटे दूर, टेबलावर ठेवा आणि दुधातुपाच्या कपाटाला पूर्वी घरोघरी करत तसे टेबलाचे पाय साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा. हे पाणी दर दोन दिवसांनी बदला, कारण डेंग्यूच्या डासांना वाटीभर साचलेले पाणीही पुरते. एवढे करूनही मुंग्या येत असतील, तर दिव्याची वायर तपासा. भिंतीवरच्या प्लगपासून पेटीपर्यंतचा तो आयता पूल बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पेटीबाहेरच्या वायरवर बोटभर रुंद पट्टा पेट्रोलियम जेलीचा लावला, की तो बंद होतो.

झुरळांसाठी फवारणीऐवजी जेलचा आग्रह धरा. जेलचे बारीक ठिपके कपाटाच्या बिजागऱ्यांत आणि सिंकखालच्या फटींत लावले जातात आणि विष हवेत पसरत नाही. तरीही जेलमधले औषध कोणते, हे आधी विचारून घ्या. अनेक जेलमध्ये फिप्रोनिल असते आणि ते सरड्यांना अतिशय घातक आहे. म्हणून इग्वाना जिथे मोकळा फिरतो त्या खोलीत जेल नको, आणि जेल लावलेल्या स्वयंपाकघराचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद असावे. विष खाल्लेले झुरळ त्याच्या तोंडी लागले, तर ते विष त्याच्याही पोटात जाते.

फवारणी टाळता येणारच नसेल, तर आदल्या दिवशीच इग्वानाला नातेवाइकांकडे हलवा. सोबत त्याचा दिवाही न्या, कारण दिवसा शेकण्याच्या जागी त्याला सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान लागते आणि रात्रीही ते २४ च्या खाली जाऊ नये. फांद्या, लाकूड, खालचे अंथरूण आणि पाण्याचे भांडेही घराबाहेर काढा. लाकूड एकदा विष प्यायले की ते धुऊन निघत नाही. घर पूर्ण कोरडे झाल्यावर दोन दिवस खिडक्या आणि पंखे चालू ठेवा, त्याच्या वावरातली फरशी साबणाने पुसून घ्या आणि मगच त्याला परत आणा. ‘औषध हर्बल आहे, वासही येत नाही’ या आश्वासनावर विसंबू नका. वास नसणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

लाळ गळणे, अंग थरथरणे, मान उचलता न येणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राण्याला कोमट पाण्याने धुऊन ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या आणि औषधाचे वेष्टन किंवा त्याचा फोटो सोबत ठेवा. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या विषावर अॅट्रोपिन उपयोगी पडते, खडूतल्या विषावर ते उतारा ठरत नाही; त्यामुळे नाव कळले तर उपचारातला मोलाचा वेळ वाचतो.

आपल्या पत्रात नोंदणीचा उल्लेख नाही. परदेशी प्राणी पाळण्याबाबतच्या २०२४ च्या नियमांनुसार इग्वानाची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे. ती राहिली असल्यास आधी वन विभागाशी संपर्क साधावा.

प्रश्न : आमच्या बॉल पायथन जातीच्या पाळीव अजगराच्या डोळ्यांभोवती काळे ठिपके हलताना दिसतात आणि तो सतत पाण्यात बसून राहतो. एका परिचितांनी पेटीत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची पट्टी टांगायला आणि शेजारच्या टाकीतल्या कासवालाही खबरदारी म्हणून आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध द्यायला सांगितले आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही सल्ले धोकादायक आहेत. डायक्लोरव्हॉसवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे आणि बंद पेटीत त्याची वाफ सापाच्या जिवावर बेतू शकते. आयव्हरमेक्टिन तर कासवाला कधीही देऊ नये, ते त्याच्यासाठी प्राणघातक आहे.

वर्णनावरून हे सापांवरचे माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव, वाटतात. ते खवल्यांखाली दडून रक्त पितात, मात्र अंडी पेटीच्या फटींत घालतात. म्हणूनच केवळ सापावर उपचार केले तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अंथरूण आणि लाकूड फेकून द्या, पेटी कढत पाण्याने घासून कोरडी करा आणि महिनाभर कोरा कागदच अंथरून तो रोज बदला. सापावरचे औषध व त्याची मात्रा सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांनीच ठरवावी.

प्रश्न : महापालिकेच्या धूरफवारणीच्या वेळी कासवाच्या टाकीचे काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खिडक्या बंद करा, टाकीवर ओला टॉवेल पसरा आणि हवेचा पंप तेवढा वेळ आठवणीने बंद ठेवा, कारण तो खोलीतला धूर थेट पाण्यात ओढतो. धूर पूर्ण विरल्यावर टॉवेल काढून पंप पुन्हा सुरू करा आणि पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तर पाणी त्याच दिवशी बदला.