फुटाचा भाव आणि हाताचे तास : संगमरवरी मोझॅकच्या व्यवसायाविषयी वाचकांचे प्रश्न

हाताने कापलेल्या संगमरवरी तुकड्यांच्या मोझॅकविषयी, म्हणजे असे तुकडे शेजारी शेजारी चिकटवून केलेल्या चित्रांविषयी, या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी घरातल्या एखाद्या खोलीत किंवा भाड्याच्या गाळ्यात हा व्यवसाय करणाऱ्यांची आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण इतर पत्रांतही या ना त्या रूपाने डोकावते.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून ग्राहकांच्या मागणीप्रमाणे संगमरवरी मोझॅक करून देते. चौरस फुटाला १,८०० रुपये घेते. हातात काम नेहमी असते, पण महिनाअखेर काही उरत नाही. गेल्या महिन्यात ५ मिलिमीटरच्या तुकड्यांत सहा चौरस फुटांचा एक मोर केला. त्याला चोवीस दिवस लागले. भाव वाढवला तर ग्राहक जातील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : आपला भाव कमी आहे हे खरे, पण त्याहून मोठी अडचण अशी की आपण तो फुटावर लावला आहे. आपल्याकडे मोझॅक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली, सिमेंटमध्ये चिप्स घालून घोटलेली ठिपक्यांची लादी येते, आणि ती लादी फुटावरच विकली जात असल्यामुळे ग्राहक आपल्यालाही पहिला प्रश्न ‘फुटाला किती?’ असाच विचारतो. आपण त्या प्रश्नाला लगेच उत्तर देतो आणि तिथेच फसतो.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहा. तुकडा १० मिलिमीटरचा आणि दोन तुकड्यांमधली फट १ मिलिमीटरची धरली, तर एका चौरस फुटात साधारण ७६८ तुकडे बसतात. तुकडा ५ मिलिमीटरचा घेतला आणि फट तेवढीच ठेवली, तर त्याच चौरस फुटात साधारण २,५८० तुकडे लागतात. म्हणजे फूट तोच, दगडही जवळजवळ तेवढाच, पण हाताचे काम तिपटीहून जास्त. तुकडा उचलणे, पकडीने त्याचा कोपरा उडवणे, जागेवर धरून पाहणे, पुन्हा किंचित छाटणे आणि चिकटवणे या सगळ्याला तीस सेकंद धरले, तर मोठ्या तुकड्यांच्या फुटाला सुमारे साडेसहा तास आणि बारीक तुकड्यांच्या फुटाला सुमारे साडेएकवीस तास होतात. आपल्या मोराचे सहा फूट याच हिशेबाने १२९ तासांचे झाले. रोज सहा तास बसून काम केले तरी त्याला साडेएकवीस दिवस हवेत, आणि चित्र काढणे, सांधे भरणे, पुसणे व सीलर लावणे यांत उरलेले दोन-अडीच दिवस सहज जातात. आपल्या कामाचा वेग मुळीच कमी नाही. तासाला १५० रुपये एवढीच मजुरी धरली, तरी त्या मोराची नुसती मजुरी १९,३५० रुपये होते. आपण दगड, जाळी, अ‍ॅडहेसिव्ह आणि वीज धरून १०,८०० रुपये घेतलेत.

यापुढे फुटाचा एकच भाव सांगू नये. चित्राचे भाग पाडावेत : सपाट पार्श्वभूमी, काठ-किनार आणि बारीक नक्षी. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ मोजून, त्याच्या तुकड्यांच्या आकाराप्रमाणे तास काढून मगच कोटेशन द्यावे. दगडाची फार चिंता करू नये, कारण मार्बलच्या गोडाऊनमध्ये उरलेल्या पट्ट्या आणि फुटके कोपरे बऱ्याचदा स्वस्तात मिळतात आणि आपल्या कामाला तेच पुरतात. आपल्या किमतीतला मोठा आकडा आपल्या वेळेचा आहे, आणि तो मोजायची सवय नसेल तर एक वही घालून रोजचे तास लिहायला आजच सुरुवात करावी.

ग्राहक जाण्याची भीती अगदीच खोटी नाही. काही जण जातील. जे राहतील त्यांच्यासाठी सहा इंच बाय सहा इंचाचा एक नमुना करून द्यावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. काम पक्के झाल्यास ते एकूण रकमेतून वजा करावेत. नमुना हातात घेतलेल्या माणसाला किमतीबद्दल फार समजावून सांगावे लागत नाही. चित्र मंजूर झाल्यावर अर्धी रक्कम आगाऊ, तुकडे न चिकटवता मांडून दाखवल्यावर पाव, आणि माल गाळ्याबाहेर पडण्यापूर्वी उरलेली पाव, असा क्रम ठेवावा. मांडणी पाहिल्यानंतर ‘मोराची मान थोडी डावीकडे’ असे कोणी म्हणाले, तर त्या बदलाचे वेगळे पैसे लागतील हे कोटेशनवरच छापलेले असावे.

प्रश्न : देवघरामागच्या भिंतीवर पिंपळपाने बसवली होती. पांढरे आणि पिवळे तुकडे पक्के आहेत, पण हिरव्या दगडाच्या लांब पट्ट्यांच्या कडा महिन्याभरात उचलल्या गेल्या. अ‍ॅडहेसिव्ह एकच वापरले होते. असे का झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाजारात उदयपूर हिरवा किंवा केसरियाजी हिरवा या नावाने मिळणारा दगड मार्बल म्हणून विकला जातो, पण भूशास्त्राच्या दृष्टीने तो मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचा भाऊ नाही. पांढरा संगमरवर कॅल्साइट या खनिजाचा असतो. हा हिरवा दगड मुख्यतः सर्पेंटाइन खनिजाचा आहे. पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हवर तो बसवला की खालच्या बाजूने ओल शोषतो आणि वाकतो. लहान चौकोनी तुकड्यात हे जाणवत नाही, लांब पातळ पट्टीत लगेच दिसते. हिरव्या पट्ट्यांसाठी पाण्यात न कालवता वापरायचे इपॉक्सी अ‍ॅडहेसिव्ह वापरावे आणि शक्य असेल तिथे त्या आखूड कराव्यात. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही : एका जिन्याच्या भिंतीवरची वेल मी स्वतः पटाशीने उकरून काढली आहे, आणि ग्राहक शेजारी चहाचा कप घेऊन उभे होते.

त्याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी सांगतो. पांढऱ्या संगमरवराखाली नेहमी पांढरे अ‍ॅडहेसिव्ह घ्यावे, कारण करड्या सिमेंटची छाया पातळ तुकड्यातून वर दिसते. आणि न्हाणीघरासाठी किंवा तुळशीवृंदावनासाठी तुकडे फायबरच्या जाळीवर चिकटवताना लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद वापरू नये. सतत ओल राहिली की तो पुन्हा मऊ होतो आणि तुकडा जाळीसह सुटतो.

प्रश्न : एका इंटिरिअर डिझायनरच्या संस्थेला दोन पॅनेल करून दिली. चार महिने झाले, निम्मे पैसे बाकी आहेत. ‘क्लायंटने दिले की देतो’ एवढेच उत्तर मिळते. माझ्यासारख्या एकट्या माणसाला काही उपाय आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, पण त्याची तयारी काम घेण्यापूर्वीच करावी लागते. केंद्र सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, विनाशुल्क होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे ऑनलाइन करता येते. ‘क्लायंटने दिले की देतो’ या वाक्याला या कायद्यात स्थान नाही. शिवाय अशी थकवलेली रक्कम ती देईपर्यंत खरेदीदाराला आयकरासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे त्यांच्या सनदी लेखापालाला ठाऊक असतेच, म्हणून आपले स्मरणपत्र त्याच्यापर्यंत पोहोचेल असे पाहावे.

एक सावधगिरी बाळगावी. माल आणि बसवणूक मिळून एकच कंत्राट असेल, तर या कायद्याचा लाभ मिळतो की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून पॅनेलचे बिल वेगळे आणि बसवण्याचे बिल वेगळे करावे. आपली नोंदणी काम दिल्यानंतरची असेल, तर पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : डोंबिवलीत फ्लॅटच्या बाल्कनीत काम करतो. दगडाच्या धुळीचा धोका किती?
— एक वाचक

उत्तर : शुद्ध संगमरवरात सिलिका कमी असते, ग्रॅनाइटमध्ये आणि कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ती भरपूर असते, आणि तीच फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. हे दोन्ही बाल्कनीत कापूच नयेत. संगमरवराच्या पट्ट्या गोडाऊनमध्येच पाण्याच्या धारेखाली कापून घ्याव्यात आणि घरी फक्त पकडीचे काम ठेवावे. चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि चष्मा मात्र पकडीच्या कामालाही हवा. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : एका ग्राहकाला राजा रविवर्मा यांच्या सरस्वतीचे चित्र दोन फूट बाय तीन फुटांत हवे आहे. असे चित्र करून विकणे कायदेशीर आहे का? आणि ते जमेल का?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : कायद्याची अडचण नाही. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी चित्रावरचा स्वामित्वहक्क संपतो आणि रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हयात चित्रकाराचे इंटरनेटवरून उतरवलेले चित्र घेऊन कोणी आले, तर मात्र नम्रपणे नकार द्यावा किंवा लेखी परवानगी मागावी.

जमण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. तीन फूट उंचीच्या पॅनेलमध्ये पूर्ण बैठी आकृती, वीणा आणि मोर बसवल्यावर चेहऱ्याला फार तर चार इंच मिळतील. १० मिलिमीटरच्या तुकड्यांत चार इंच म्हणजे वरून खाली नऊ ओळी. त्या नऊ ओळींत कपाळ, भुवया, डोळे, नाक, ओठ आणि हनुवटी कशी मावणार? चेहरा आणि हात तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्यांत, जवळजवळ फट न ठेवता करावे लागतील, आणि साडी व पार्श्वभूमी मोठ्या तुकड्यांत. रोमन कारागीरही असेच करत : मधले बारीक चित्र ते कार्यशाळेत वेगळ्या पाटीवर तयार करून आणत आणि भोवतालची जमीन जागेवर मोठ्या तुकड्यांनी भरत. ग्राहकाला प्रथम नुसती वीणा आणि कमळ सुचवून पाहा. माझ्या मते या आकारात तेच अधिक शोभेल. त्यांचा चेहऱ्याचाच आग्रह असेल, तर आधी चेहरा तेवढाच वेगळ्या पाटीवर करा, भिंतीला उभा टेकवा आणि ग्राहकाला सहा फुटांवरून पाहू द्या. तो पसंत पडून त्याचे पैसे हाती आले, की मग साडीच्या काठाला हात घाला.