रिकाम्या जागेत आधी मराठी शब्द घाल

परदेशात मास्टर्सला जाण्यासाठीच्या जीआरई परीक्षेचे अकराशे शब्द पाठ झाले, तीन मॉक (सराव परीक्षा) दिल्या, क्वांट म्हणजे गणिताचा भाग १६५ च्या आसपास, आणि व्हर्बल म्हणजे इंग्रजीचा भाग मात्र १४६ वरून जेमतेम १४७. परीक्षेला सात आठवडे उरलेत आणि आता आणखी हजार शब्दांची यादी उघडू का, असं तू विचारतोयस. नको उघडू.

फटका खाऊन सांगतोय. २०१६ ला मी सांगलीत विश्रामबागेत रूमवर राहून जीआरईचा अभ्यास करायचो. एका क्लासने साडेतीन हजार शब्दांचं बाड हातात दिलं होतं. २०११ पर्यंत परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजी (शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखणं) यायच्या, तेव्हा त्या बाडाला काही अर्थ होता. ते प्रश्न गेले, बाडाची झेरॉक्स मात्र चालू राहिली. संध्याकाळी आयर्विन पुलावर फेऱ्या मारत मी ते घोकलं आणि पुण्याला जाऊन १४५ घेऊन आलो.

मग चुकांची वही केली. प्रत्येक चुकीपुढे एकच गोष्ट लिहायची: शब्द आला नाही, वाक्य कळलं नाही, की घाई केली. पहिल्या चाळीस चुकांत शब्द न आल्यामुळे झालेल्या अकराच निघाल्या. बाकी सगळीकडे शब्द येत होता, वाक्य कुठे वळलं ते कळलं नव्हतं.

म्हणून टेक्स्ट कम्प्लिशनला, म्हणजे रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नांना, पर्याय हाताने झाक. वाक्य वाच आणि रिकाम्या जागेत आधी मराठी शब्द घाल. समज वाक्य असं आहे: समीक्षकांनी नाटकाचं कौतुक केलं खरं, पण ते अगदीच डॅश होतं, शेवटच्या अंकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपण सांगलीकर, नाटकाच्या गावचे. इथे काय बसतं ते विचारावं लागत नाही. ‘हातचं राखून केलेलं’. आता हात काढ. पर्यायांत ‘क्वालिफाइड’ दिसेल, त्याचा इथला अर्थ नेमका तोच. यादीवाला पोरगा ‘क्वालिफाइड म्हणजे पात्र’ म्हणून तो पहिल्या फटक्यात उडवतो. जीआरईला असेच साधे दिसणारे शब्द आवडतात: ‘चेक’ म्हणजे रोखणे, ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणे, ‘सँक्शन’ म्हणजे कधी मंजुरी तर कधी निर्बंध. पाठ करायचेच असतील तर हे कर, तेही वाक्यासकट.

वळण दाखवणारे शब्द वेगळे लिहून काढ. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’ सगळ्यांना कळतात. गोची होते ती ‘फार फ्रॉम’, ‘हार्डली’, ‘एनिथिंग बट’ यांच्यापाशी. ‘एनिथिंग बट सिम्पल’ म्हणजे सोपं सोडून काहीही, हे मला मराठीत म्हटल्यावरच डोक्यात बसलं. दोन-तीन जागांच्या प्रश्नात एक जरी चुकली तरी गुण शून्य, त्यामुळे जी जागा सर्वांत पक्की वाटते तिथून सुरू कर. पहिलीपासूनच भरायची असा काही नियम नाही.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहापैकी दोन शब्द निवडायचे आणि दोघांनी वाक्याचा अर्थ एकच व्हायला हवा. तिथे समानार्थी जोडी दिसली की आपण झडप घालतो. बऱ्याचदा ती जोडी आमिषच असते. शब्द जुळतात, वाक्यात बसत नाहीत. इथेही आधी मराठी शब्द.

रीडिंगवर, म्हणजे उतारा (पॅसेज) वाचून उत्तरं द्यायचे, जवळपास निम्मे प्रश्न असतात आणि तू त्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, म्हणजे दुखणं तिथेच असावं. बहुतेक पॅसेज एका परिच्छेदाचे असतात. वाचून झालं की मनात एका वाक्यात सांगायचं: लोक असं मानत होते, हा बाबा तसं म्हणतोय. एवढं सांगता आलं नाही तर प्रश्नाकडे जाऊ नको. अग्रलेख वाचणाऱ्या माणसाला लेखकाचा रोख कळतो, तेच कसब इथे लागतं. पर्यायात ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’ असं काही ठाम दिसलं तर पॅसेजमध्ये तेवढं ठाम म्हटलंय का ते बघ. आणि स्वतःचं ज्ञान बाहेर ठेव. पॅसेज स्टीलवर आला की आपण मेकॅनिकलवाले हमखास चुकतो.

वेळेचं गणित: सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली. व्हर्बलचे पहिल्या भागात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा सुरुवातीला ढिलाई परवडत नाही. लांब पॅसेज मार्क करून त्याच भागात शेवटी घे. निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नको.

जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन फुकट पॉवरप्रेप सराव टेस्ट अजून दिल्या नसशील तर जपून वापर. एक चौथ्या आठवड्यात, एक परीक्षेच्या आठवडाभर आधी. बाकीच्या मॉकचं व्हर्बल मला कधीच खऱ्या परीक्षेसारखं वाटलं नाही, त्यामुळे तो १४७ फार मनाला लावून घेऊ नको. माझे दुसऱ्या वेळी १५६ आले. दोन परीक्षांत किमान २१ दिवसांचं अंतर लागतं, आणि कोणता स्कोअर पाठवायचा ते आपणच ठरवतो.

सेंटर पुण्यात घेतलंस तर आदल्या दिवशी दुपारीच निघ. पहिल्या वेळी मी रात्रीच्या एसटीने गेलो होतो आणि पहिला पॅसेज तीनदा वाचला होता.