सरत्या २०२५ या वर्षात तुम्हाला सर्वांत आवडलेले रॉक अल्बम आणि कॉन्सर्ट कोणते?

वर्षभरात आवडलेले रॉक अल्बम आणि प्रत्यक्ष ऐकलेले कॉन्सर्ट कोणते, असे आपण विचारले आहे, आणि उत्तर मुंबईतल्या श्रोत्याकडून मिळाल्यास बरे, असेही म्हटले आहे. मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टमध्ये आहे, आणि रॉक संगीत गेली तीस वर्षे ऐकतो आहे. वाजवता मात्र काहीही येत नाही, तेव्हा पुढील मते एका श्रोत्याची आहेत इतकेच समजून वाचावीत.

आधी माझे मोजमाप सांगतो. मैदानावर आपण बहुतेक वेळा गाणे ऐकायला जातच नाही. जे आधीच पाठ आहे ते हजारो लोकांबरोबर म्हणायला जातो. म्हणून एखाद्या कॉन्सर्टमध्ये पाठ असलेले गाणे क्षणभर जरी अनोळखी वाटले, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी समजतो. अल्बमची परीक्षा याच्या उलट असते. तो पहिल्यांदा ऐकताना काय वाटले याला मी फारशी किंमत देत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी, गर्दीच्या गाडीत, कोणाचे तरी कोपर बरगडीत रुतलेले असताना तो कसा वाटतो, ते महत्त्वाचे.

या मोजमापाने माझा वर्षातला सर्वोत्तम कॉन्सर्ट म्हणजे १७ मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेला गन्स अँड रोझेसचा. याच बँडला मी २०१२च्या डिसेंबरात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर ऐकले होते, परंतु तेव्हा मूळ मंडळींपैकी गायक अ‍ॅक्सल रोझ तेवढा होता. गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मकेगन २०१६ साली परतले. त्यामुळे तेरा वर्षांपूर्वी घरी जाताना मनात जी हुरहुर राहिली होती ती या वेळी फिटली. अ‍ॅक्सल या कॉन्सर्टच्या वेळी त्रेसष्ट वर्षांचा होता आणि वरच्या पट्टीतल्या जागा पूर्वीसारख्या सहज लागत नाहीत, हे कान असलेल्या कोणालाही कळते. पण तो त्या जागा टाळत नाही, त्यांना भिडतो, आणि जिथे गळा थांबतो तिथून स्लॅशची गिटार पुढे निघते.

‘नोव्हेंबर रेन’विषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हे गाणे १९९१ साली ‘यूज युवर इल्यूजन १’ या अल्बमात आले आणि ते जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे. महाविद्यालयात असताना एका मित्राने मला ते नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिले होते. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि हे गाणे त्या बाजूचे शेवटचे. त्यामुळे साधारण सातव्या मिनिटाला, जिथे गाणे संपल्यासारखे वाटून पियानो अचानक वेगळ्या, काळवंडलेल्या चालीत सुरू होतो, तिथेच फीत संपून खटका पडत असे. पुढे आणखी दोन मिनिटे आहेत आणि गाण्याचा खरा जीव त्यांतच आहे, हे मला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते. पुढे ती दोन मिनिटे असंख्य वेळा ऐकली, तरी तो खटका काही कानातून गेलेला नाही. रेसकोर्सवर मे महिन्याच्या घामट रात्री, सदरा पाठीला चिकटलेला असताना, अ‍ॅक्सल पियानोवर त्या जागेपर्यंत आला तेव्हा माझ्या कानाने सवयीने खटक्याची वाट पाहिली. तो पडला नाही, आणि वर स्लॅश सुरू झाला. शेजारी उभ्या असलेल्या, दाढी पिकलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघताच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाणे संपेपर्यंत तो काढला नाही. आमची ओळख नव्हती आणि नंतरही झाली नाही.

त्याआधी ९ मार्चला त्याच रेसकोर्सवर, लोलापलूझा महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, ग्रीन डेचे वादन होते. हा बँड भारतात प्रथमच आला होता. माझी एकोणीस वर्षांची भाची बरोबर होती. त्याच दिवशी दुबईत भारत आणि न्यूझीलंड यांच्यात चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना असल्यामुळे संध्याकाळपासून आमच्या आसपासचे निम्मे लोक मंचाकडे आणि निम्मे हातातल्या फोनकडे बघत होते. मध्येच मंचावर काहीही न घडता आरोळी उठे, आणि चौकार गेला असे समजायचे. सामना भारताने जिंकला हे आपल्याला ठाऊक आहेच. संगीताबद्दल सांगायचे तर तीन माणसांचा हा जुना संच आजही गाणी फुगवत नाही, वेळ काढत नाही, एका गाण्याच्या शेपटाला दुसरे गाणे बांधून पुढे जातो. ‘बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स’ हे २००४ सालच्या ‘अमेरिकन इडियट’मधले गाणे सुरू झाले तेव्हा भाचीने विचारले, “मामा, या लोकांचं वय काय रे?” मी सांगितले, त्रेपन्नच्या आसपास. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे तुझ्याहून मोठे, आणि तू मघापासून बसायला जागा शोधतोयस.”

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. मी कॉन्सर्टला कानात फोमचे बोळे घालून जातो. तरुणपणी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला खेटून उभे राहण्याची हौस होती, त्याची शिक्षा म्हणून डाव्या कानात आजही रात्री बारीक शिट्टी वाजत असते. भाची माझ्या बोळ्यांना हसली होती. चौथ्या गाण्याला तिने मुकाट्याने हात पुढे केला. मी एक बोळा तिला दिला, आणि उरलेला कार्यक्रम आम्ही दोघांनी एकेक कान मोकळा ठेवून ऐकला.

कोल्डप्लेचे नाव उत्तरात नसेल तर आपण विचाराल, म्हणून सांगतो की जानेवारीच्या १८, १९ आणि २१ तारखांना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या तीनही कार्यक्रमांपैकी एकाचेही तिकीट मला मिळाले नाही. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे इतके लोक होते की तो आकडा मी प्रथम फोन क्रमांक समजलो. परंतु माझी मोठी बहीण नेरूळला राहते, आणि २१ तारखेला आम्ही तिच्या इमारतीच्या गच्चीवर चटई टाकून बसलो. तिथे वारा देईल तेवढेच ऐकू येत होते: बेसचा दणका आधी, शब्द जवळजवळ नाहीतच, गिटार तुकड्या-तुकड्यांनी, आणि मधूनच हजारो लोकांनी एकत्र धरलेला सूर अगदी स्पष्ट. ‘फिक्स यू’ सुरू झाले हे मी गायकामुळे नव्हे तर प्रेक्षकांमुळे ओळखले. चकचकीत प्रकाशपट्ट्या आणि पडदे वगळून या बँडकडे काय उरते, अशी शंका मला नेहमी असे. त्याचे उत्तर त्या रात्री मिळाले, आणि ते त्यांच्या बाजूने होते. ताईला मात्र पाण्याच्या टाकीवर चढलेल्या मुलांची काळजी अधिक होती.

ज्या कार्यक्रमाला मी मैदानावर नव्हतो, तरी ज्याला वर्षातून वगळता येणार नाही, तो म्हणजे ५ जुलैचा बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्कवरचा ब्लॅक सबाथ या बँडचा निरोपाचा कॉन्सर्ट. चौघेही मूळ सदस्य २००५ नंतर प्रथमच एकत्र आले होते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरचे झोपले असल्यामुळे मी हेडफोन लावून बघत होतो. पार्किन्सनच्या आजारामुळे गायक ऑझी ऑस्बोर्न उभा राहू शकत नव्हता. काळ्या सिंहासनावर बसून तो गायला, आणि अधूनमधून उठण्यासाठी जोर करून पुन्हा मागे टेकत होता. गिटारवादक टोनी आयोमीच्या हाताकडे माझे लक्ष सारखे जात होते. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोके तुटली, म्हणून त्याने बोटांना टोपणे करून लावली आणि पुढे ताण कमी पडावा म्हणून तारा सैल करून सूर खाली उतरवला. आज ज्या जड, खालच्या सुराला आपण हेवी मेटल म्हणतो, त्याच्या मुळाशी ही दुखापतही आहे. पुढे सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

आता अल्बमकडे वळतो. पहिला क्रमांक नि:संशय ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या ‘द ओव्हरव्ह्यू’चा. मार्चमध्ये आलेल्या या अल्बममध्ये फक्त दोन रचना आहेत, एक सुमारे २३ मिनिटांची आणि दुसरी १८ मिनिटांच्या आसपास. अवकाशातून पृथ्वीकडे पाहिल्यावर अंतराळवीरांच्या मनाची जी अवस्था होते, तिच्यावरून अल्बमचे नाव आले आहे. ज्यांनी ख्याल ऐकला आहे त्यांना ही लांबी जड जाऊ नये. घाई न करता एकेक जागा उघडत जाणे आपल्याला परके नाही. मुलुंडहून जलद गाडीत चढताना सुरू केला तर पहिली रचना कुर्ला मागे पडता पडता संपते आणि दुसरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटाआधी. पहिल्या रचनेतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजने लिहिले आहेत. त्यात हप्ते थकलेला एक मोटारचालक रडतो आहे आणि त्याच वेळी दूरच्या दीर्घिकेत एक सूर्य विझतो आहे, ही दोन्ही वृत्ते एकाच सुरात, एकाच वजनाने सांगितली जातात. महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा संदेश वाचत हे ऐकून बघावे. दुसऱ्या रचनेच्या आरंभी विल्सनची पत्नी रोटेम खगोलीय वस्तूंची नावे आणि वाढत जाणारी मापे कोरड्या आवाजात वाचते. ते मला आधी पोरकट वाटले, तिसऱ्यांदा ऐकताना भीती वाटली, आणि आता त्या भागाची मी वाट पाहतो.

दुसरा अल्बम दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडचा ‘नू दिल्ली’, हाही मार्चचाच. मेटलमध्ये ढोल आणि बासरी घालण्याची कल्पना ऐकून मी सुरुवातीला नाक मुरडले होते, कारण अशा मिश्रणात आपली वाद्ये बहुधा शोभेसाठी ठेवलेली असतात. इथे तसे नाही. ढोल ड्रम्सच्या बरोबरीने ओझे उचलतो. गणपतीत ताशाच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला हा पंजाबी ढोल जरा गोलसर, लवचीक वाटेल, पण पाय त्याच्याही नादाने हलतात. ‘तडका’ हे चक्क जेवणावरचे गाणे आहे आणि जपानच्या बेबीमेटलबरोबरचे ‘बेखौफ’ हे अल्बममधले सर्वांत मोठ्या आवाजात ऐकण्याजोगे. अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे आणि तेवढाच असावा.

डेफ्टोन्सचा ‘प्रायव्हेट म्युझिक’ ऑगस्टमध्ये आला, हा त्यांचा दहावा स्टुडिओ अल्बम. गिटारांच्या दाट भिंतीवरून गायक चिनो मोरेनोचा कुजबुजता आवाज तरंगत जातो, ही त्यांची जुनी खोड इथे पूर्ण पिकली आहे. पावसाळ्यात संध्याकाळी ऐकावा. टर्नस्टाइल या बँडच्या ‘नेव्हर इनफ’चे कौतुक सर्वत्र झाले; मला पहिली दोन गाणी फार आवडली आणि पुढे लक्ष उडाले. ड्रीम थिएटरच्या ‘पॅरासोम्निया’मध्ये ड्रम्सवादक माइक पोर्टनॉय परत आला याचाच आनंद अधिक झाला, अल्बमचा त्यामानाने कमी.

शेवटी न्यूयॉर्कच्या गीस या तरुण बँडचा ‘गेटिंग किल्ड’. सप्टेंबरात भाचीने तो पाठवला तेव्हा पहिल्याच गाण्यातली किंचाळी ऐकून मी तो बंद केला आणि तिला कळवले की हा मुलगा सुरात गात नाही. तिचे उत्तर आले, “मामा, तुझा ऑझी गायचा का?” त्यानंतर मी तो पुन्हा लावला. गायक कॅमेरॉन विंटर सुराच्या अलीकडे-पलीकडे मुद्दाम लडखडतो, बँड मात्र त्याच्या पायाखाली जमीन घट्ट धरून असतो, आणि हे कळायला मला पाच वेळा ऐकावे लागले. डिसेंबर अर्धा सरला तरी तो माझ्या फोनवरून उतरलेला नाही, म्हणून आजच्या दिवशी तो विल्सनच्या अगदी मागे दुसऱ्या क्रमांकावर सरकला आहे आणि ब्लडीवूडला एक पायरी खाली उतरावे लागले आहे. ऑझीविषयीचा प्रश्न मात्र मी अजून अनुत्तरित ठेवला आहे.

जानेवारी २०२६च्या २४ आणि २५ तारखांना रेसकोर्सवर पुन्हा लोलापलूझा आहे आणि त्यात लिंकिन पार्क येणार आहेत. तिकिटे या वेळी भाचीने काढली. मी औषधांच्या दुकानातून बोळ्यांच्या दोन जोड्या आणून ठेवल्या आहेत.