गाणाऱ्यानं हसायचं नाही

प्रिय मित्रा,

डेमो ऐकला. विनोदी गाणं करू की खरं पंक, म्हणजे वेगवान, रांगडं रॉक, असं विचारतोस. हा प्रश्नच सोडून दे. गाणाऱ्यानं हसायचं नाही, एवढं धर.

1978 चं 'जिल्टेड जॉन' (म्हणजे प्रेयसीनं सोडलेला जॉन) हे गाणं पुन्हा ऐक. मँचेस्टरमध्ये नाटक शिकणाऱ्या ग्रॅहम फेलोजनं ते लिहिलं आणि जॉन या पात्राच्याच नावानं गायलं. रॅबिड रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या तबकडीवर, ते मागच्या बाजूला होतं, पुढे होतं 'गोइंग स्टेडी'. बीबीसीच्या जॉन पीलनं ते रेडिओवर वाजवलं, ईएमआय या मोठ्या कंपनीनं उचललं आणि ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. गोष्ट एवढीच की ज्यूली जॉनला सोडून गॉर्डनकडे गेली. पण जॉन खरोखर रडकुंडीला आलाय. निर्माता मार्टिन हॅनेटनंही, पुढे जॉय डिव्हिजन हा गंभीर बँड ध्वनिमुद्रित करणाऱ्यानं, संगीतात कुठे 'बघा, गंमत' असं सुचवलेलं नाही. म्हणून आपण हसतो.

तू मात्र दुसऱ्या ध्रुवपदाच्या शेवटी स्वतःच हसलास. गाणं तिथे संपलं. पुढची दीड मिनिटं कुणी कशाला ऐकेल? तो चिरका आवाजही काढून टाक. चिडलेला माणूस स्वतःच्याच आवाजात चिडतो.

आता शब्द. 175 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 175 ठोक्यांना, चार-चार ठोक्यांच्या दोन मात्रागटांची ओळ पावणेतीन सेकंदांत संपते. तिथे आठ-दहा अक्षरं स्वच्छ बसतात. बारा झाली की तोंडात पीठ होतं, त्यात जोडाक्षरं आली तर विचारूच नकोस. 'विश्वासघात' काढ, तिथे ती ज्याच्याकडे गेली त्या मुलाचं नाव घाल. 'ती गेली' यावर कुणी हसत नाही. ती कुठे, कुणासोबत, काय खात होती हे सांग. जॉनच्या गाण्यात चिप्सचं दुकान आहे, ते उगाच नाही.

गिटारला ए, डी, ई हे तीन कॉर्ड पुरेत, सगळे डाऊनस्ट्रोक, म्हणजे फक्त वरून खाली मारलेले. उजवा हात दुखला की मनगटाऐवजी खांद्यानं वाजवलं जातं आणि लय ढळते. एका दमात जमत नसेल तर 165 वर ये. गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा जोर, निम्म्यावर आण. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका खरखराट, वाढवलं की 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा भरतो, आणि तुझी व्यंजनं नेमकी तिथेच आहेत. तो पट्टा गिटारमध्ये थोडा काप, आवाजाला 100 हर्ट्झखाली कट दे, रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, जवळजवळ नको. शब्द कळला नाही तर विनोद नाही, हे ठासून सांगतोय, कारण पंक म्हणजे गोंगाट असं सांगणारे तुला खूप भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

सोलो काढ. तिसरं कडवं नवी बातमी देत नसेल तर तेही काढ. शेवट फेड करू नकोस, म्हणजे हळूहळू विरवू नकोस, ठोक्यावर थांब. दोन मिनिटांच्या आतला टेक पाठव, आणि आवाजाची फाइल वेगळी दे, म्हणजे कुठलं अक्षर बुडतंय ते नेमकं सांगता येईल. आणि हसू नकोस.